एकतीस माणसांचा होकार

प्रिय धाकटे,

हे पत्र वाचून तुला वाटेल की ताईचं डोकं ठिकाणावर नाही, आणि तसं वाटलं तर त्यात चूक काहीच नाही. काल मी एका शर्टाला दोन्ही बाह्या उजव्या लावल्या. इतकी वर्षं मशीन चालवते आहे. कधी काजं वाकडी झाली असतील, कधी कॉलर तिरकी बसली असेल, पण असला प्रताप पहिल्यांदाच. ज्याचा शर्ट होता त्याने तो घालून पाहिला, डावा हात कसाबसा आत कोंबला, 'छान बसलाय' म्हणाला आणि तसाच घरी गेला. तू या गावात वाढलीस, तेव्हा तो असं का म्हणाला हे तुला सांगायला नको. तू हसशील, मी मात्र कात्री बाजूला ठेवून नुसती बसून राहिले.

बातमी अशी आहे की आपलं गाव बंद होणार. 'बंद' हा शब्द माझा नाही, जिल्ह्याच्या कार्यालयाचा आहे. रस्त्यावरचे दिवे काढायचे, पाण्याचा पंप उचलायचा, दवाखान्याची खोली रिकामी करायची, आणि माणसांना शहरात एका नव्या इमारतीत घरं द्यायची. सगळ्यांना एकाच इमारतीत, एवढी मात्र त्यांनी दया दाखवली आहे. आणि धाकटे, हे आमच्यावर कुणी लादलेलं नाही. आमच्या हातांनी आम्ही हे करून घेतलं. गावात गुप्त मतदान झालं. एकतीस माणसं मत द्यायला गेली आणि एकतीसच्या एकतीस मतं 'जायचं' अशी निघाली. मी समोर बसले होते, माझ्या डोळ्यांदेखत मोजणी झाली, आणि आज आठवडा उलटला तरी माझा त्यावर विश्वास बसत नाही.

नीट पहिल्यापासून सांगते. तू गेलीस तेव्हा शाळेत चार वर्ग भरायचे. आता त्याच इमारतीत गावाचं कार्यालय आहे आणि फळ्यावर पाणी सोडण्याच्या वेळा लिहिलेल्या असतात. एकतीस माणसांच्या या गावात समितीवर नऊ जण आहेत, आणि उरलेले बावीस माजी सदस्य. तुझे भावोजी गावप्रमुख आहेत हे मी तुला मागे कळवलं होतं, पण ते कसे झाले हे लाजेने कळवलं नव्हतं. निवड झाली त्या दिवशी ते तापाने घरी झोपले होते, बस, एवढीच त्यांची लायकी. बरे होऊन उठले तर दारात शिक्का आणि पंपाच्या खोलीची किल्ली. तेव्हापासून सकाळी उठून पंप चालू करायचा, गेलेला दिवा शिडी लावून बदलायचा, जिल्ह्याच्या पत्रांना उत्तरं द्यायची, कुणाचं दार अडकलं तर तेही बघायचं, असं त्यांचं राज्य चाललेलं आहे. शिक्का आणि स्क्रू ड्रायव्हर एकाच खिशात असतात. जिल्ह्याला गेलेल्या निम्म्या कागदांवर वंगणाचे डाग आहेत.

सभेची आपली जुनी पद्धत तुला आठवत असेलच. ज्याचा विषय निघेल त्याने उठून बाहेर पायऱ्यांवर जाऊन थांबायचं. आतल्यांनी मोकळेपणाने बोलायचं, मग त्याला आत बोलवून निर्णय सांगायचा, आणि त्याने 'बरं' म्हणायचं. कोण काय बोललं हे विचारायचं नाही. बाबा म्हणायचे, समोर बसलेल्या माणसाबद्दल कुणाला खरं बोलता येत नाही, आणि स्वतःबद्दल तर मुळीच येत नाही. त्यामुळे आपल्याकडे कधी भांडण झालं नाही. कधी मतदानही झालं नाही. बाहेरच्यांना आपली भाषा कळायला वेळ लागतो: 'बघू' म्हणजे नाही, 'हो' म्हणजे बघू, आणि गप्प बसलं म्हणजे हो.

तर जिल्ह्याहून एक अधिकारी बाई आल्या. तरुण, सरळ स्वभावाच्या, आपल्या चिखलात चांगले बूट घालून आलेल्या. त्यांनी सगळं समजावून सांगितलं आणि अगदी माणुसकीने सांगितलं. सक्ती नाही, गावाने ठरवायचं, राहायचं असेल तर रडतखडत का होईना पण चालवू, म्हणाल्या. मग तुझे भावोजी नेहमीच्या सवयीने उठले आणि म्हणाले, 'ज्यांचा विषय आहे त्यांनी बाहेर थांबावं.' आणि स्वतःच बाहेर निघाले, कारण विषय त्यांचाही होता. त्यांच्यामागे मी. माझ्यामागे दुकानदार, मग शेळ्यांवाली काकू, मास्तर, नर्स, एकेक करत सगळं गाव. पाच मिनिटांत आम्ही एकतीस जण त्या पायऱ्यांवर वाऱ्यात कुडकुडत उभे, आणि आत अधिकारी बाई एकट्या, समोर चहाचा कप. आता आत कोण बोलणार आणि आम्हाला बोलावणार कोण? आधी आत जाणं म्हणजे 'माझा काही विषय नाही' असं म्हणणं, ते कसं शोभेल. एरवी मी या गोष्टीवर पोट धरून हसले असते.

पण त्या बाईंना ही पद्धत कुठून माहीत असणार. त्यांना वाटलं आम्ही रागाने सभा सोडून गेलो. बऱ्याच वेळाने त्या दारात आल्या, डोळ्यांत पाणी होतं बिचारीच्या, आणि म्हणाल्या, 'तुमचा राग मला समजतो. उघड बोलायला अवघड वाटत असेल तर आपण गुप्त मत घेऊ.' पाहुण्याला 'तुमचं चुकलं' असं आपल्याकडे कोण म्हणतं? आम्ही सगळे गप्प राहिलो. म्हणजे हो झालं.

मतपेटी म्हणून माझा बटणांचा डबा घेतला. फळ्याच्या मागे एकेकाने जायचं, चिठ्ठीवर खूण करायची, डब्यात टाकायची. लोक लग्नाला आल्यासारखे हसतमुख होते, 'तुम्ही आधी, तुम्ही आधी' चाललेलं. मग बाईंनी डबा उघडला. पहिली चिठ्ठी 'जायचं'. कुणीतरी खोकलं. दुसरीही 'जायचं'. तिसरी, चौथी. मला वाटलं, तेवढ्याच असतील, आता पुढच्या निघतील. दहाव्या चिठ्ठीनंतर खोकणंही थांबलं. तुझे भावोजी टेबलाची कड धरून उभे होते, त्यांची बोटं पांढरी पडलेली मला दिसत होती. मास्तर फळ्यावर रेघा मारत होते. शेवटी शेवटी त्यांच्या हातून खडू निसटला, तो त्यांनी उचललाच नाही. बाईंनी सगळं पुन्हा एकदा मोजलं, कारण त्यांनाही ते खरं वाटेना. तेच निघालं. आम्ही एकमेकांकडे न बघता 'छान झालं', 'बरं झालं, एकदाचं ठरलं' असं म्हणत घरी आलो. घरी आल्यावर मी ह्यांना म्हणाले, 'बरं झालं.' हे म्हणाले, 'बरंच झालं.'

माझं मतही त्यातच होतं, हे तुला कळलंच असेल. कारण सांगते. मागच्या थंडीत हे दिवा बदलायला शिडीवर चढले आणि उतरले ते राखेसारखा चेहरा घेऊन. नर्सने छाती तपासली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की यांना मोठ्या दवाखान्याच्या जवळ ठेवा. इथून तो दवाखाना किती लांब आहे ते तुला माहीत आहे. ह्यांना विचारलं असतं तर म्हणाले असते, 'बघू.' म्हणून मी त्या फळ्यामागे गेले आणि त्यांच्यासाठी 'जायचं' वर खूण केली. मला वाटलं, हे आपलं एक मत. बाकीचं सगळं गाव थोडंच हलणार आहे? तीस विरुद्ध एक असं होईल, पण मला आतून जे खात होतं ते तरी थांबेल. मला जायचं नव्हतं गं. निदान तेव्हा तरी मला असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवसापासून सगळ्या गावाची माझ्याकडे रीघ लागली. शहरात जायचं तर बरे कपडे हवेत ना. तुला माझ्या धंद्याची एक गंमत माहीत नसेल. माप देताना माणूस खरं बोलतो. दोन्ही हात पसरून भिंतीकडे तोंड करून उभा असतो, मी पाठीमागे, तोंडात टाचण्या. समोर कुणाचा चेहरा नाही, आणि ऐकणारीला बोलता येत नाही. आजवर या खोलीत मी बऱ्याच गोष्टी ऐकल्या आहेत आणि टाचण्यांबरोबर तोंडात ठेवल्या आहेत. पण या आठवड्यात जे ऐकलं त्याने माझी पार झोप उडाली.

पहिली आली शेळ्यांवाली काकू. कोट शिवायचा म्हणाली, शहरात शाल पांघरून कसं हिंडणार. मी खांद्याला टेप लावली आणि ती भिंतीला म्हणाली, 'मेले असते तरी मी इथून हलले नसते गं बाई. पण तो दुकानवाला. दिवसभरात मी एक काडेपेटी नाहीतर साबणाची वडी घ्यायला जाते, तेवढ्यासाठी तो दुकान उघडं ठेवतो. मुलगा केव्हाचा बोलावतोय त्याला. मी किती दिवस त्याच्या आड येऊ?' आणि मग म्हणाली, 'त्याला बोलू नकोस हो, त्याला वाईट वाटेल.' मी मान हलवली. मनात म्हटलं, बिचारी, तिला वाटलं असेल दुकानदाराला जायचं आहे, आणि खरंच असेलही.

दुकानदार आला त्याच्या दुसऱ्या दिवशी. आपण त्याला 'उद्या' म्हणतो, कारण मागाल ती वस्तू त्याच्याकडे उद्या येणार असते. पँटची लांबी घेत मी खाली बसले होते, आणि वरून त्याचा आवाज आला, 'मला काय हो, मी इथे गल्ल्यावर बसल्या बसल्या मेलो असतो तर सोनं झालं असतं. मुलाकडे माझा जीव रमत नाही, दोन दिवसांत परत येतो मी. पण काकू बघा. या वयात डोंगरावर शेळ्यांमागे. एखाद्या दिवशी पडली तर सापडायची नाही. दुकान उघडं आहे म्हणून ती निघत नाही, मला माहीत आहे. गावच उठलं तर जाईल बिचारी.' धाकटे, माझ्या हातातला खडू तसाच राहिला. तोंडात टाचण्या होत्या म्हणून बरं, नाहीतर मी किंचाळलेच असते. तोही जाताना म्हणाला, 'काकूंच्या कानावर घालू नका.'

तरी मी स्वतःला समजावलं की ही एक जोडी तशी निघाली. मग मास्तर आले. त्यांचे पाय आता साथ देत नाहीत. त्यांची तक्रार एकच, की ती नर्स पोरगी आमचे रक्तदाब मोजण्यात आपलं तरुणपण घालवते आहे, तिची सुटका व्हायला हवी. आम्ही म्हातारे कुठेही मरू, म्हणाले. आणि नर्स आली ती ड्रेसचं माप द्यायला. तिचं माप घेताना मी मुद्दाम टाचण्या तोंडात ठेवल्या नाहीत. मला आता विचारायचंच होतं. ती म्हणाली, 'ताई, मला आयुष्यात पहिल्यांदा इथे शांत झोप लागली. मी बदलीचा अर्ज तीनदा फाडला. पण मास्तरांच्या पायाला रोज उपचार हवेत, ते माझ्या खोलीत होणारे नाहीत. मी नर्स आहे, माझी झोप बघू की त्यांचे पाय?' मी तिला जवळ घेतलं. तिला वाटलं मी मापच घेते आहे.

त्यानंतर जो येईल त्याचं तेच. कुणी भावासाठी, कुणी शेजारणीसाठी, कुणी नवऱ्याच्या दवाखान्यासाठी, पण कुणीही स्वतःसाठी नाही. प्रत्येकाला वाटत होतं की दुसरा आपल्यापायी इथे अडकला आहे. या गावात एकमेकांचं मन मोडायचं नाही म्हणून आपण पिढ्यानपिढ्या स्वतःचं मन मारलं, आणि त्याच भलेपणाने आता गावाच्या गळ्याला नख लावलं. इतक्या सज्जन माणसांनी एकमेकांचं असं वाटोळं केलेलं मी कुठे ऐकलं नाही.

शेवटी ह्यांची पाळी आली. ह्यांना कोट नकोच होता, मीच बळेच उभं केलं. छातीला टेप लावली तर मागच्या कोटापेक्षा बरीच कमी भरली. मी काही बोलले नाही. नंतर पाठीमागे उभी राहून सरळ विचारलं, 'तुम्ही 'जायचं' का केलं?' ह्यांनी खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, 'तुझी बहीण आहे ना शहरात. तिचं पत्र येतं त्या दिवशी तू चष्मा न लावता वाचतेस आणि मग आख्खा दिवस दुसऱ्याच गावात असल्यासारखी वावरतेस. मी इतकी वर्षं बघतोय. मला पंप सोडवत नाही, दिवे सोडवत नाहीत, पण म्हटलं, म्हातारपणी तरी तुला तिच्याजवळ नेऊन ठेवावं.' मी म्हणाले, 'छे, काहीतरीच.' पण माझं ते 'छे' मलाच खोटं वाटलं, आणि त्याचाच मला सगळ्यात मोठा धक्का बसला. लग्नाला इतकी वर्षं झाली, आम्ही एका ताटात जेवावं तसं जगलो, आणि एकमेकांना विचारायचं सोडून दोघं त्या फळ्यामागे जाऊन एकमेकांसाठी खूण करून आलो.

मग मी माझं सांगितलं. छातीचं, नर्सचं, शिडीचं. आणि बाकीच्यांचंही सगळं सांगितलं. माझ्या धंद्यातला हा पहिला विश्वासघात, पण मला राहवलं नाही. ह्यांचा चेहरा उतरला. कापायच्या टेबलावर आम्ही दोघं बसून राहिलो. मी म्हणाले, सभेत सांगा, तुम्ही गावप्रमुख आहात. तर म्हणाले, 'सांगू काय? काकूंना सांगू की दुकानदाराला तुमची काळजी म्हणून तो सगळं मोडायला निघाला? नर्सला सांगू की मास्तरांना तिची कीव येते? एकेकाच्या तोंडावर त्याचं ओझं कसं टाकू?' धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत. आणि त्यात जो कोणी उठून 'जायचं नाही' म्हणेल, तो बाकीच्या तिसांना दवाखान्यापासून आणि मुलाबाळांपासून तोडणारा ठरणार. एवढी छाती कुणाची आहे इथे?

माझी असेल असं मला वाटलं होतं. परवा कार्यालयात सामान कधी हलवायचं यावर बैठक होती. मी घरून ठरवून गेले. उठून उभी राहिले. सगळे माझ्याकडे बघत होते, काकू, दुकानदार, मास्तर, सगळी मला प्रिय असलेली माणसं. मी तोंड उघडलं आणि धाकटे, माझ्या तोंडून शब्द निघाला तो 'बघू.' मग मी खाली बसले. कुणीतरी म्हणालं, 'हो हो, बघूच', आणि पंप शेवटचा बंद कुणी करायचा या विषयावर सभा पुढे गेली. तुझे भावोजी बाहेर गेले, कारण तो विषय त्यांचा होता.

परत येताना मी त्या पायऱ्यांवर थोडी टेकले, आणि तू आठवलीस. ही गोष्ट मी तुला पत्रात कधी लिहिली नाही, तूही नाही. तू परीक्षा पास होऊन आलीस, मास्तर निवृत्त व्हायचे होते, आणि गावाने ठरवलं की शाळा आता तू चालवायची. चांगलाच निर्णय होता. तू बाहेर याच पायऱ्यांवर होतीस, मी आत होते. बाबांनी तुला आत बोलावलं, निर्णय सांगितला, सगळे तुझ्या 'बरं'ची वाट बघत होते. तू म्हणालीस, 'नाही.' नुसतं तेवढंच. मग म्हणालीस, 'मला कुणी विचारलंच नाही.' त्या खोलीत 'नाही' हा शब्द त्याआधी कुणी उच्चारला नव्हता. बाबांना तो शब्दच कळला नसावा, त्यांनी तुला पुन्हा निर्णय वाचून दाखवला. तू पुन्हा 'नाही' म्हणालीस आणि सकाळच्या बसने गेलीस. मला तेव्हा तुझा इतका राग आला होता की मी निरोप द्यायलाही आले नाही. नंतर कित्येक वर्षं गावात उद्धट पोरींना 'अगदी तिच्यावर गेली' म्हणायचे. नाव घ्यायचे नाहीत, पण तूच ती, हे सगळ्यांना माहीत असायचं.

आता हे पत्र का लिहिते आहे ते सांगते. बाबांनी आपलं घर दोघींच्या नावावर ठेवलं होतं, तू कधी वाटा मागितला नाहीस, म्हणून कधी बोलणं झालं नाही. पण त्यामुळे तूही या गावातली घरमालक आहेस, आणि जिल्ह्याची नोटीस तुलाही आली असेल. ती फाडू नकोस. अधिकारी बाई जाताना सांगून गेल्या की शेवटच्या सभेत कुणाही घरमालकाने समोर उभं राहून हरकत घेतली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून होतं, आणि या वेळी त्यांना एकेकाला समोर बसवून विचारावं लागतं. आमच्यातलं कुणी ते करणार नाही. या गावाने जन्माला घातलेलं एकच माणूस 'नाही' म्हणू शकतं, आणि ते तू आहेस. मला माहीत आहे मी काय मागते आहे. मी तुझ्याजवळ राहायला येणार होते, तुझ्या इमारतीपासून दोन गल्ल्यांवर, आणि तेच मोडायला मी तुलाच बोलावते आहे. तरी ये. सभेच्या दिवशी ये, सरळ आत जा. तुझे भावोजी तुला बाहेर थांबायला सांगतील, त्यांना दुसरं काही येत नाही. तू हलू नकोस. 'नाही' म्हण, आणि मग आम्हाला एकेकाला समोर उभं करून विचार की बाकीच्यांचं राहू दे, तुला स्वतःला काय हवंय. कुणाला जायचं असेल तर जाऊ दे, पण स्वतःसाठी जाऊ दे. सुरुवात माझ्यापासून कर. इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलेलं नाही, मी स्वतःलाही नाही. ह्यांनी तुझं नाव घेतल्यापासून माझ्या तोंडून 'राहायचं' निघेल की 'जायचं', हे मला खरंच माहीत नाही, आणि तू विचारशील त्या क्षणाची मला भीती वाटते आहे.

तुझीच, त्या दिवशी बसपाशी न आलेली आणि या वेळी बसपाशी उभी राहणार असलेली,

ताई